तेक्केकडवूच्या पुलाचं टेंडर

बेपूर,
१२ जुलै १९८७

प्रिय इक्का,

सलाम. हे पत्र उप्पांना न सांगता लिहिते आहे, म्हणून उत्तर मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तेक्केकडवूला नदीवर नवा पूल होतोय. खांब उभे राहिले, आता त्यांच्यावर चार पोलादी गर्डर चढवायचेत. दोन्ही काठांना मांडीभर चिखल आहे, त्यामुळे क्रेन जवळ जाऊ शकत नाही. ज्या कंपनीकडे पूल आहे ती एवढं काम पोटकंत्राटावर देणार. त्यांचे इंजिनियर कुरुविळा स्वतः आपल्या अंगणात येऊन बसले होते. उप्पांना वाटलं, नेहमीसारखं सुलैमानी चहाचा ग्लास संपेपर्यंत काम ठरेल. पण कुरुविळा म्हणाले, "मूप्पन, तुम्ही टोळीचे नायक, पण आता तसं चालत नाही. बंद पाकिटात टेंडर द्यावं लागेल. मद्रासची क्रेनवाली कंपनी देणार आहे, कोचीची एक देणार आहे. काम कसं करणार, कुठल्या माणसांनी, कशाने, किती दिवसांत, सगळं लिहून हवं. सप्टेंबरअखेरपर्यंत."

उप्पा म्हणाले, "मी उरूसारखी लाकडी जहाजं पाण्यात लोटली, दरीत पडलेली इंजिनं वर काढली. कागदावर आजवर काही चढवलं नाही."

"म्हणूनच सांगायला आलो," कुरुविळा म्हणाले. "तुम्ही नुसता दर लिहून पाकीट द्याल आणि हराल. मला ते बघवणार नाही."

ते गेल्यावर उप्पा कितीतरी वेळ दोरांच्या ढिगाजवळ उभे होते. इक्का, आपल्या दोर ओढणाऱ्या खलाशांच्या टोळीतले अर्धे लोक आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतात. अवरानकाक्का, ज्यांच्या शिट्टीवर सगळे दोर एकदम ताणले जायचे, ते चालियमला एका गोदामावर राखण करतात. हे काम मिळालं नाही तर टोळी संपली असं ते स्वतःच म्हणतात. उप्पांसमोर म्हणत नाहीत.

तू एकदा लिहिलं होतंस की तुमच्या ऑफिसात टेंडरं तयार होताना तू बघतोस. थोरला भाऊ आहेस, मला शिकव. लिहायचं सगळं मी करीन.

उप्पा तुझं नाव निघालं की अजूनही उठून विहिरीकडे जातात. "जो पोरगा बापाला सोडून क्रेनवर जाऊन बसला त्याने माझ्या दोराला हात लावायचा नाही", हे चार वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांनी मागे घेतलेलं नाही. त्यांना खोकला आहे, ताप येतो-जातो. पावसाळ्यातलं नेहमीचंच.

तुझी,
सुलैखा


शारजा,
२६ जुलै १९८७

मोळे,

म्हणजे पोरी, शेवटी मूप्पनला क्रेनवाल्याची गरज पडली! हे त्यांना वाचून दाखवू नकोस. पुढचं दाखव.

आमच्या ऑफिसात शण्मुखम नावाचा तामिळ कारकून आहे, सगळी टेंडरं त्याच्या हाताखालून जातात. काल त्याला मत्ती माशाची आमटी खाऊ घालून दोन तास बसवून घेतलं. तो म्हणतो, पहिल्यांदा कंपनीने दिलेले कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. लोक दर लिहायची घाई करतात आणि बाराव्या पानावर काय मागितलंय ते बघतच नाहीत. जे कळत नाही ते कुरुविळांना लेखी विचार, आणि उत्तरही लेखीच घे. गर्डर काठावर कोण आणून देणार, ते की आपण? बार्ज कोणाचा? मधेच पूर आला आणि माणसं बसून राहिली तर ते दिवस कोणाच्या खात्यावर? हे आधी विचारलंस तर ते तुला शहाणी म्हणतील, नंतर विचारलंस तर भांडखोर.

जागा बघून ये. नकाशावर भरवसा ठेवू नकोस, होडी घेऊन खांबाखांबामधून फिर, बांबूने खोली मोज.

आता उप्पांना विचारायच्या गोष्टी. गर्डर खांबांवर नेमका कसा नेणार? दोर कुठे बांधणार, दोर गुंडाळायचे दावर कुठे रोवणार? जे त्यांच्या डोक्यात आहे ते कागदावर आलंच पाहिजे. मद्रासवाल्यांकडे रंगीत छापलेली पुस्तकं असतील. आपल्याकडे उप्पांचं डोकं आहे, पण ते पाकिटात घालता येत नाही.

आणि एक. ऑक्टोबरात कंपनी माझी पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही मागणार आहे. मी हे सगळं करतो ते एकाच गोष्टीसाठी, उप्पांनी माझ्याशी बोलावं. तुझ्या पत्रातून का होईना, एक वाक्य. ते बोलले तर मी सही करणार नाही, परत येईन. नाही बोलले तर मोळे, मला त्या पुलाशी काय करायचंय? बेपूरला यायला मला दुसरं कारणच नाही.

सैतलवी


बेपूर,
२० ऑगस्ट १९८७

प्रिय इक्का,

उत्तराला उशीर झाला. खूप पाऊस झाला, शाळा बंद होती, घरात आजारपण होतं. आता उप्पांचा खोकला थांबलाय.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "गर्डर उचलायचाच कशाला? दोन पडाव एकमेकांना बांधा, त्यांच्यावर माचाण रचा, माचाणावर गर्डर. उधाणाच्या भरतीला पाणी चढेल तसा गर्डर खांबांच्या वर जाईल. तेव्हा पडाव खांबांच्या मधे ओढून धरायचे. ओहोटी लागली की गर्डर आपोआप खाली बसेल. पाणी उचलेल, पाणीच ठेवेल. आपण फक्त दोरांनी त्याला हलू द्यायचं नाही." दोन्ही काठांवर एकेक दावर, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आणि राखीव एक. मी तसं चित्र काढलंय. अवरानकाक्कांनी बघितलं, दोन ठिकाणी दोर बदलायला लावले.

बार्जचं वगैरे मी कुरुविळांना लेखी विचारलं. पडाव आपले, गर्डर काठापर्यंत त्यांनी आणायचे, असं लेखी उत्तर आलं.

तू विचारलंस ना, एक वाक्य? उप्पा म्हणाले, "सैतलवीला विचार, तिकडे नीट जेवतो का."

सुलैखा


शारजा,
३ सप्टेंबर १९८७

मोळे, माझी मोळे,

पत्र क्रेनच्या केबिनमध्ये उघडलं. खालून फोरमन ओरडत होता, मला ऐकूच येईना. "नीट जेवतो का" असं म्हणाले? असंच? विहिरीकडे न जाता? हसून म्हणाले की तोंड फिरवून? पुढच्या पत्रात सगळं सांग, कुठे बसले होते तेसुद्धा.

सांग त्यांना, जेवतो. भात चांगला मिळत नाही. तांदळाची पत्तिरी तर स्वप्नातच दिसते.

भरतीची युक्ती मी शण्मुखमला समजावली, चहाच्या बशीत पाणी ओतून आणि काडेपेटी तरंगवून. तो म्हणाला, ही गोष्ट टेंडरच्या पहिल्या पानावर घाला, कारण यात क्रेनसाठी चिखलात रस्ता बांधायला नको. मद्रासवाले तो रस्ता कंपनीच्या गळ्यात मारतील आणि आपल्या पाकिटात त्याचा उल्लेखही करणार नाहीत. तू स्पष्ट लिही: आम्हाला रस्ता नको.

पण उधाणाची भरती दर पंधरवड्याला येते. त्या दिवशी कंपनीने खांबांचे माथे तयार ठेवले नाहीत तर आपला पंधरवडा बुडाला. तो कोणाचा, ते आत्ताच लिहून टाक. नम्रपणे लिही, पण लिही. काय काय आपल्या दरात आहे आणि काय नाही, हे दोन्ही समोरासमोर मांड. माणसांचा विमा धर. पाण्यावरचं काम आहे, तिथे काटकसर करायची नाही. आणि दुसऱ्यांपेक्षा कमी भरायचं म्हणून दर पाडू नकोस. जेवढं लागतं तेवढं माग आणि का लागतं ते दाखव. जुन्या कामांचे फोटो आणि साहेब लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्या उम्माच्या पेटीत तळाशी आहेत, त्या जोड.

कामावर प्रमुख कोण असणार, त्याचं नाव मागतील. तिथे अर्थातच उप्पा. पण मोळे, त्यांना विचारशील? खाली, दुसऱ्या नावाच्या जागी, माझं लिहिलं तर चालेल का? दावर सांभाळायला. दोराला हात लावायला. त्यांनी नाही म्हटलं तर तसंच कळव, गोड करून सांगू नकोस.

सैतलवी


बेपूर,
२४ सप्टेंबर १९८७

प्रिय इक्का,

पाकीट काल दिलं. मी स्वतः कंपनीच्या ऑफिसात जाऊन दिलं, पोचपावती घेतली.

त्याआधी तू सांगितल्याप्रमाणे होडीतून सगळीकडे फिरले. अवरानकाक्का वल्हं मारत होते, मी बांबू टाकत होते. मास्तरीणबाई नदी मोजायला निघाल्या म्हणून काठावरच्या शिंपलेवाल्या हसत होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबामधे बांबू एकदम कमरेइतकाच बुडाला. वाळूचा उंचवटा! नकाशात नाही. साध्या भरतीला आपले पडाव तिथे टेकले असते आणि गर्डरसकट अडकून पडले असते. काक्कांनी वल्हं थांबवलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "हे न बघता दर लिहिला असता ना पोरी, तर टोळीला बुडवणारी तूच." तो उंचवटा चित्रात दाखवला, मधला गर्डर वर्षातल्या मोठ्या उधाणाला, जानेवारीत, बसवायचा असं लिहिलं. पंधरवड्याचं कलमही घातलं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे खलाशी आपल्या अंगणात जमले. मी टेंडर पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. सगळे मन लावून ऐकत होते. वाचून संपल्यावर कोणीतरी म्हणालं, "हे आपण करतो ते आहे? ऐकायला फारच मोठं वाटतं." सगळे हसले.

नावाचं विचारलंस. मी तुला गोड करून सांगत नाही. "लिही त्याचं नाव", एवढंच उत्तर मिळालं. लिहिलं आहे.

उप्पा ओसरीवरच बसले होते, दोर विणत. तोंड फिरवलं नाही.

सुलैखा


शारजा,
७ ऑक्टोबर १९८७

मोळे,

आज कराराचा कागद समोर ठेवला. मी सही केली नाही. मॅनेजर म्हणाला, वेडा आहेस का, पगार वाढवून देतोय. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी माझं नाव लिहिलंय. त्याला काही कळलं नाही. शण्मुखमला कळलं, तो बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून गेला.

काम मिळो न मिळो, डिसेंबरात येतोय. उप्पांसाठी एक ब्लँकेट घेतलंय, इतकं मऊ की मीच दोनदा गाल लावून बघितला. त्यांना सांगू नकोस.

सैतलवी


बेपूर,
२५ ऑक्टोबर १९८७

प्रिय इक्का,

काम आपल्याला मिळालं.

पाकिटं उघडली तेव्हा मी आणि अवरानकाक्का मागच्या बाकावर होतो. मद्रासवाल्यांचा दर आपल्यापेक्षा कमी निघाला आणि काक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. मग कुरुविळा सगळ्यांसमोर म्हणाले, "मद्रासवाल्यांच्या दरात चिखलातला रस्ता नाही, तो धरला तर हे सगळ्यात महाग. आणि कोचीवाल्यांनो, दोन आणि तीनमधला वाळूचा उंचवटा तुमच्यापैकी कोणी बघितला का?" मग स्वतःच म्हणाले, "बेपूरच्या खलाशांनी बघितला."

काक्का बाहेर येऊन रस्त्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. माणसं बर्फाचा कारखाना सोडून परत आली आहेत. दोरांना तेल लावणं चालू आहे.

तू गाडीची तारीख कळव. कोळिकोड स्टेशनवर मी घ्यायला येईन, एकटीच. तिथून सरळ घरी जायचं नाही. आधी कुठेतरी बसू. मला तुझ्याशी बोलायचं आहे, ते पत्रात लिहिता येत नाही. मी तीनदा लिहायला घेतलं.

सुलैखा


शारजा,
८ नोव्हेंबर १९८७

सुलैखा,

चालियमचा इंबिच्चिकोया नोकरीवर इथे आलाय. बाजारात भेटला. मला मिठी मारली आणि म्हणाला, "अल्लाह मूप्पनना जन्नत देवो, काय गर्दी होती मय्यतीला, भर पावसात! आणि आता तू मूप्पन झालास, टोळीने तुझंच नाव पुढे केलं म्हणतात. मुबारक."

दुःख आणि मुबारक एकाच दमात. मी त्याला म्हटलं, कोणाबद्दल बोलतोस? तो घाबरला. त्याला वाटलं मला डोक्याचं काही झालं.

९ ऑगस्टला गेले, तो म्हणाला. तू मला २० ऑगस्टला लिहिलंस की उप्पांचा खोकला थांबलाय.

तू लिहिलंस "नीट जेवतो का". मी ते पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरत होतो. रोज नीट जेवत होतो, त्यांना कळवायचं म्हणून. तू लिहिलंस "लिही त्याचं नाव". तू लिहिलंस ओसरीवर बसून दोर विणत होते. मी तुला मुद्दाम म्हटलं होतं, गोड करून सांगू नकोस! ते कबरीत होते आणि तू माझ्याशी त्यांच्या तोंडून बोलत होतीस. मी माझ्या बापासाठी इथे रडायला बसलो नाही, यासीन म्हटलं नाही, चाळिसाव्याला कोणाला जेवू घातलं नाही. मी हसत होतो सुलैखा. त्या सगळ्या दिवसांत मी हसत होतो!

का केलंस? टेंडरसाठी? माझ्याकडून कागद लिहून घ्यायचे होते म्हणून?

एकाच प्रश्नाचं उत्तर दे, आणि या वेळी खरं. जायच्या आधी त्यांनी माझं नाव घेतलं का?

ब्लँकेट शण्मुखमला देऊन टाकलं.

सैतलवी


बेपूर,
२४ नोव्हेंबर १९८७

इक्का,

नाही. नाव घेतलं नाही.

का केलं ते सांगते. तू लिहिलं होतंस, उप्पा बोलले नाहीत तर मला त्या पुलाशी काय करायचंय, बेपूरला यायला दुसरं कारण नाही. तुझं ते पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी उप्पा गेले. मी बसून लिहायला घेतलं की उप्पा गेले. पुढे मला दिसत होतं, तू रडशील, करारावर सही करशील आणि पुन्हा येणार नाहीस. टोळी जाईल, तू जाशील. म्हणून ते एक वाक्य लिहिलं. मला वाटलं, पुढच्या पत्रात खरं सांगीन. मग तुझं उत्तर आलं, "मोळे, माझी मोळे". ते वाचल्यावर मी सांगू शकले नाही.

भरतीची पद्धत त्यांचीच होती. कुरुविळा आले त्या संध्याकाळी ते आणि अवरानकाक्का तेच बोलत होते, मी भात वाढताना ऐकलं होतं. बाकी माझं. "जेवतो का" माझं. ओसरीवरचा दोर माझा. "लिही त्याचं नाव" हे त्या शुक्रवारी अवरानकाक्का म्हणाले, आणि सगळ्यांनी हात वर केले. कंपनीला आम्ही खोटं काही लिहिलं नाही. मूप्पन वारले, त्यांच्या जागी मुलगा सैतलवी, असंच त्या कागदावर आहे. खोटं मी फक्त तुला लिहिलं.

टेंडरसाठी केलं का, असं विचारतोस. हो, टेंडरसाठीही केलं. टोळीतली तीस घरं त्यावर होती. पण खरं सांगायचं तर, उप्पांच्या तोंडून तुला लिहीत होते तेव्हा मला ते घरात आहेत असं वाटायचं. पत्र लिहून झालं की घर परत रिकामं व्हायचं.

तू आला नाहीस तरी चालेल असं मी लिहिणार होते. ते खोटं होईल.

सुलैखा


तेक्केकडवू, पुलाजवळ,
२० जानेवारी १९८८

सुलैखा,

हे अवरानकाक्कांच्या हाती पाठवतो. तुला कळलंच असेल, मी महिन्यापासून इथे आहे. कोळिकोडला उतरलोच नाही, आधीच्या स्टेशनवर उतरून सरळ इथे आलो. टोळीबरोबर झोपडीत झोपतो. एकदा कबरस्तानात येऊन गेलो, तू शाळेत असतेस ती वेळ बघून.

काल मधला गर्डर बसला. म्हणजे आता तीन झाले. चौथा काठाजवळचा, तो सोपा आहे.

मोठ्या उधाणाची भरती सकाळी आली. पडाव हळूहळू चढत होते, माचाण कुरकुरत होतं. खांबांच्या मधे ओढून घेतले, वाळूच्या उंचवट्यावरून जेमतेम पार झाले. काक्का म्हणाले, मास्तरीणबाईंनी मोजलं नसतं तर आज इथेच बसलो असतो आपण सगळे. मग पाणी थांबलं. सगळी माणसं दोर धरून माझ्याकडे बघत होती. उप्पा असायचे त्या जागी मी उभा होतो, हाक मला द्यायची होती. मी नुसता उभा. काक्कांनी क्षणभर वाट बघितली आणि मग त्यांनीच आवाज दिला, "ऐलसा!" माणसांनी ओढलं. दुसऱ्या हाकेला मी त्यांच्यात आवाज मिळवला. ओहोटी लागली आणि गर्डर आपल्या जागी असा बसला की आवाजसुद्धा झाला नाही. कुरुविळांनी टोपी काढली. ते मला म्हणाले, तुमचे वडील असायला हवे होते. मी हो म्हटलं.

माणसं मला मूप्पन म्हणतात. मी दर वेळी मागे वळून बघतो.

मी घरी का येत नाही ते तुला माहीत आहे. तू दुष्ट नाहीस, हे मला कळतं. मी तिथे बसून तुझ्या पत्रांची वाट बघत होतो, आणि तू इथे एकटीने मय्यत काढली, टोळी सांभाळली, मला सांभाळलं. हे सगळं कळतं. पण दारात पाऊल टाकायला गेलो की मला वाटतं, उप्पा ओसरीवर दोर विणत बसले असतील. तू तसं लिहिलं होतंस ना. माझे उप्पा अजून मेलेच नाहीत, सुलैखा. मला ते इंबिच्चिकोयाने बाजारात सांगितलं. मला ते घरातून कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा एक कर. तू जे पत्र त्या दिवशी लिहायला घेतलं होतंस, ते लिही. जसं होतं तसं. माझ्यासाठी काही घालू नकोस, काही काढू नकोस. काक्का परत येतील त्यांच्याबरोबर दे.

सैतलवी


बेपूर,
९ ऑगस्ट १९८७

प्रिय इक्का,

उप्पा गेले. आज दुपारी, असरच्या बांगेच्या जरा आधी.

ताप आठवडाभर उतरत नव्हता. डॉक्टर काल म्हणाले, छातीत पाणी झालंय, कोळिकोडला मोठ्या इस्पितळात न्या. उप्पा म्हणाले, "पाऊस उघडू दे." पाऊस उघडला नाही. मी जबरदस्तीने न्यायला हवं होतं. नेलं नाही.

सकाळी त्यांनी अवरानकाक्कांना बोलावलं आणि अंगणातले दोर पत्र्याखाली घ्यायला लावले. मी भाताची कंजी भरवली. दोन चमचे घेतली, मग ओठ मिटले. तुझं पत्र काल शाळेत आलं होतं, ते माझ्या मांडीवर होतं. उप्पांनी विचारलं, "काय ते?"

मी म्हटलं, "इक्काचं पत्र. वाचू?"

ते काही बोलले नाहीत. हात पुढे केला नाही. मी घडी उलगडली नाही. मला वाटलं, जरा हुशारी आली की वाचीन. तुझं ते वाक्य त्यांच्यापर्यंत गेलं नाही इक्का. चूक माझी. वाचायला हवं होतं.

बराच वेळ गेला. मला वाटलं झोपले. मग डोळे मिटलेलेच, त्यांनी विचारलं, "तिकडे पाऊस असतो का?"

मी म्हटलं, "नाही उप्पा. तिकडे पाऊस नसतो."

"मग दोर लवकर वाळत असतील," ते म्हणाले.

त्यानंतर बोलले नाहीत. श्वास घरघरायला लागला. अवरानकाक्का उशाशी यासीन म्हणत होते, मी ओठांना पाणी लावत होते. शेवटचा श्वास कुठला ते मला कळलंच नाही, पुढच्याची वाट बघत राहिले. काक्कांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली तेव्हा कळलं.

अंधार पडायच्या आत नेलं, उम्माशेजारी. सगळे खलाशी आले होते, खांदा बदलताना एकदाही पाऊल चुकलं नाही. पाऊस जोराचा होता. मी दारातून वळणापर्यंत बघितलं, पुढे दिसलं नाही.

आता सगळे गेलेत. शेजारून जेवण आलंय, ते झाकून ठेवलंय.

इक्का, घरात मी एकटी आहे. तू ये.

सुलैखा